मळालाहि कारण असतें

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनांत परीक्षक या नात्यानें आम्हीं एक निर्णय दिला. तो चुकला होता, असें आतां आमचें मत झालें आहे. आणि चूक चारचौघांत झाली असल्यामुळें तिची कबुलीहि चारचौघांतच द्यावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

हकीकत अशी. नववींतील दोघां विद्यार्थ्यांनीं अमेरिकन मालगाडीच्या एकेका डब्याची प्रतिकृति मांडली होती. एकाच्या मामांनीं तिकडून सुट्या भागांच्या दोन पेट्या आणिल्या होत्या. त्यांतील एक भाच्यानें ठेविली व दुसरी मित्रास दिली. डबा एकच, भाग तेच. पहिल्याची वाघीण (मालगाडीच्या डब्यास आपल्याकडे जुनीं माणसें हाच शब्द वापरीत) गंजानें नुसती पेटली होती. नारिंगी ओघळ, काळे डाग, जागोजाग पडलेलीं भोकें! दुसऱ्याची वाघीण फिकट, धुळकट, जवळजवळ उदास दिसत होती. बघ्यांची गर्दी पहिलीपुढें होती. आम्हींहि पहिलें पारितोषिक तिलाच दिलें.

समारंभ आटोपल्यावर आम्हीं दोघांसहि सहज विचारिलें, "हा डाग येथेंच कां?" पहिला म्हणाला, "सर, चांगला दिसतो म्हणून." दुसऱ्यानें मात्र आपल्या डब्यावरील एकेका खुणेची उत्पत्ति सांगितली. तीं उत्तरें ऐकतां ऐकतां आमची मान खालीं गेली.

तीं उत्तरें समजण्यासाठीं या छंदाची थोडी ओळख हवी. अमेरिकेंत आगगाड्यांच्या प्रतिकृति करणें हा प्रौढ माणसांचा गंभीर उद्योग आहे. त्यास वाहिलेलें 'मॉडेल रेलरोडर' हें मासिक मिलवॉकी शहरीं १९३४ सालीं निघालें, आणि पुढल्याच वर्षीं त्याच शहरीं या छंदाच्या लोकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्यांच्या सर्वांत प्रचलित मापांत खऱ्या डब्याचा एक फूट साडेतीन मिलिमीटरांत बसवितात, म्हणजे प्रतिकृति मूळ वस्तूच्या सुमारें सत्याऐंशीव्या हिश्श्याची होते. चाळीस फुटी बंद डबा या मापानें अवघा चौदा सेंटिमीटर भरतो. त्याचें वजनहि ठरलेलें आहे: एक औंस, आणि लांबीच्या दर इंचास आणखी अर्धा औंस. म्हणून साडेपांच इंची डब्यांत शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवून तो पावणेचार औंसांवर आणावा लागतो; नाहीं तर हलका डबा वळणावर रूळ सोडतो.

पूर्वीं असे डबे दुकानांतून आल्यासारखे चकचकीत ठेवण्याचीच चाल होती. ती मोडणाऱ्यांत कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें राहणाऱ्या जॉन ॲलन याचें नांव अग्रभागीं घेतात. हा मूळचा छायाचित्रकार. त्यानें आपल्या घरांत रचलेल्या लोहमार्गावर डबे, घरें, पूल हे सारें मुद्दाम झिजलेलें व उन्हापावसानें खाल्लेलें दाखविलें. १९७३ सालीं तो वारला, आणि थोड्याच दिवसांत त्याची ती रचना बहुतांशीं आगींत नष्ट झाली. परंतु त्यानें लाविलेली दृष्टि मात्र उरली. प्रतिकृतीवर अशा रीतीनें हवापाण्याच्या खुणा उमटविण्यास तिकडे 'वेदरिंग' म्हणतात.

आतां त्या दुसऱ्या विद्यार्थ्याचीं उत्तरें ऐका. त्याचा डबा १९५० सालच्या सुमाराचा. छप्पर काजळीनें काळवंडलेलें कां? वाफेच्या इंजिनाचा धूर प्रथम छपरावरच बसे. त्याच छपरावर कोठें कोठें करडा पत्रा उघडा कां, तांबडा गंज कां नाहीं? तो पत्रा जस्त चढविलेला. त्यावरचा रंग लौकर सुटतो, पण खालचें जस्त लोखंडास बराच काळ गंजूं देत नाहीं. छपरावर फळ्यांची वाट कशाला? ब्रेकवाला तिच्यावरून चालत जाई. १९६६ पासून पुढें नव्या बंद डब्यांवर ती बसविण्याचें बंद झालें. खालच्या कडेस मातकट पट्टा कां? चाकें वाटेवरची धूळ व चिखल वर उडवितात. चाकांची बाजू काळी, पण रुळावर टेकणारी धांव लखलखीत कां? ती तर रोज रुळावर घासली जाते! आंसाच्या वंगणपेटीभोंवतीं तेलकट डाग कां? तेल झिरपे, आणि त्याला धूळ चिकटे. मळक्या अंगावर डब्याचा क्रमांक तेवढा स्वच्छ कां? यार्डांतील कारकुनास तो वाचावा लागे, म्हणून तेवढाच भाग पुसून घेत. आणि वजनाच्या आंकड्यांजवळ ताज्या रंगाचा लहानसा चौकोन कां? डबा वेळोवेळीं रिकामा तोलून नवें वजन व तारीख तेथें रंगवीत.

गंजाविषयींचें त्याचें उत्तर तर आम्हांस सर्वांत मोलाचें वाटलें. हे डबे बहुधा ज्या तांबूस तपकिरी रंगानें रंगवीत, तो रंगच मुळीं लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. त्यावर आलेला थोडा गंज दुरून ओळखूंहि येत नाहीं. डबा जुना दिसतो तो मुख्यतः उन्हानें फिका पडल्यामुळें आणि धुळीमुळें. म्हणून त्यानें मूळ रंगांत किंचित् पांढरा मिसळून डबा आधीं फिका केला. मग स्पिरिटांत शाईचे थोडे थेंब टाकून तें पातळ पाणी अंगावरून फिरविलें, तेव्हां सांध्यांत व रिव्हेटांच्या बुडाशीं मळ आपोआप साचला. शेवटीं रंगीत खडूची पूड कोरड्या कुंचल्यानें लावून वर बिनचकाकीचें रोगण दिलें. नारिंगी रंग त्यानें वापरिला तो फक्त दोन ओरखड्यांपाशीं. "दार उघडतांना तेथें घासतें," असें तो म्हणाला.

कित्येक पालक आम्हांस विचारतील कीं, इतक्या मेहनतीनें केलेली वस्तु मुद्दाम मळवावी कशाला? त्यांस आमचें उत्तर असें. मळविणें हें ध्येय नव्हे. खरें सांगणें हें ध्येय आहे. चकचकीत डबा कारखान्यांतून बाहेर पडल्या दिवशींच खरा असतो. परंतु गंजाचा तमाशा मांडलेला डबा तर कोणत्याच दिवशीं खरा नसतो. अमेरिकन मालगाडींत अनेक कंपन्यांचे, अनेक वयांचे डबे एकत्र जोडलेले असत. एक कालच रंगविलेला, त्यामागें वीस वर्षें राबलेला. गुरांच्या डब्याच्या खालच्या पट्ट्यांवर जंतुनाशक चुन्याचे पांढरे डाग, सिमेंटच्या डब्याच्या झांकणांखालीं राखाडी ओघळ, कोळशाच्या डब्याच्या आंतून घासून निघालेला पत्रा: जसें काम, तसा मळ. सर्व डबे सारखेच मळवणें हेंहि सारखेच चकचकीत ठेवण्याइतकें खोटें आहे.

दुसरा आक्षेप असा येईल कीं, हा परदेशी व खर्चाचा छंद आमच्या मुलांस कशाला? खर्चाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे, आणि असल्या पेट्या कोणीं आणवाव्या असें आम्ही सुचवीतहि नाहीं. जाड पुठ्ठा, खडूची पूड, काजळी व गोंद एवढ्या सामग्रीवर आपल्याकडील वाघीण करतां येते. मात्र तिला अमेरिकन मळ चालणार नाहीं. मुरगांव बंदराच्या लोहमार्गावर वर्षानुवर्षें लोहखनिज वाहिलें गेलें. त्या डब्यांची तांबडी धूळ वेगळी, कोळशाच्या डब्यांची काळी भुकटी वेगळी. म्हणून प्रथम जवळच्या स्थानकावर जावें, फलाटावरूनच पाहावें, रुळांत उतरूं नये, आणि वहींत टिपून घ्यावें. घरीं पूड व स्पिरिट वापरतांना खिडकी उघडी ठेवावी व वडील माणसानें जवळ बसावें.

अभ्यासास याचा उपयोग काय, असें कोणी विचारील तर आम्ही त्यांस मुलांच्या निबंधांच्या वह्या दाखवूं. तेथेंहि हाच रोग आहे. 'रमणीय', 'मनोहर', 'हृदयद्रावक' हीं विशेषणें नारिंगी गंजासारखीं सर्वत्र फांसलेलीं असतात, आणि "हा शब्द येथें कां?" असें विचारिल्यास उत्तर मिळतें, "चांगला दिसतो म्हणून, सर." दोष मुलांचा नाहीं. भडक तें पाहून आपणच टाळ्या वाजवितों, गुणहि आपणच देतों. गेल्या वर्षीं आम्हीं तेंच केलें.

दिलेलें पारितोषिक परत घेणें उचित नव्हे, व पहिल्या विद्यार्थ्याचा त्यांत अपराधहि नाहीं. उलट सांगण्यास आनंद वाटतो कीं, मित्राचीं उत्तरें ऐकल्यावर त्यानें आपणहून ती वाघीण पुन्हां रंगविण्यास घेतली आहे. परंतु पुढील प्रदर्शनासाठीं आम्ही एक नियम सुचवितों. प्रत्येक वस्तूसोबत करणाऱ्यानें एक कागद ठेवावा. वस्तूवरील प्रत्येक खूण कोठून आली, तें त्यांत एकेका ओळींत लिहावें. आणि परीक्षकांनीं तो कागद वाचल्यावांचून गुण देऊं नयेत. ज्या डागाचें कारण सांगतां येत नाहीं, तो डाग लावूं नये.

त्या धुळकट वाघिणीपुढें त्या दिवशीं फार कोणी थांबलें नाहीं. आम्हीहि थांबलों नाहीं. पुढल्या वेळीं पालकांनीं व परीक्षकांनीं अशा वस्तूपुढें क्षणभर उभें राहून "हें येथें कां?" एवढें तरी मुलास विचारावें, इतकीच विनंति आहे.