व्याजदराने कोळसा निघत नाही: पतधोरण समितीस खुले पत्र

प्रति,
पतधोरण समिती,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

विषय: ऊर्जेची टंचाई, कर्जाचा भार आणि रेपो दर यांचा एकत्रित विचार व्हावा.

महागाई दोन वाटांनी येते. लोकांच्या हातात पैसा वाढला आणि माल तेवढाच राहिला की भाव चढतात. पैसा तेवढाच असताना माल कमी पडला, तरीही चढतात. रेपो दराचा, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे उसने देते त्या दराचा, इलाज पहिल्या दुखण्यावर लागू पडतो. कर्ज महाग झाले की खरेदी लांबणीवर पडते, मागणी ओसरते आणि भाव स्थिरावतात. दुसऱ्या दुखण्यात मात्र व्याज कितीही वाढवले तरी खाणीतून एक टन कोळसा जास्त निघत नाही, की बंदरात तेलाचे एक पिंप जास्त उतरत नाही. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते आणि विजेतला सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. त्यामुळे हे दुसरे दुखणे या देशाला पुन्हा पुन्हा होणार, हे धरूनच पतधोरण आखायला हवे.

२०२२च्या एप्रिलमध्ये दोन्ही इंधनांचा ताण एकदम आला. युक्रेन युद्धामुळे तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या पुढे गेले होते. उन्हाळा लवकर सुरू झाला, औष्णिक केंद्रांतले कोळशाचे साठे खालावले आणि मालगाड्यांना रूळ मोकळे मिळावेत म्हणून रेल्वेला शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. त्या महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. समितीने वेळापत्रकाबाहेर बैठक घेतली आणि ४ मे रोजी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला आणि पुढे दोन वर्षे तिथेच राहिला. २०२२ मध्ये महागाईने सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली होती. कायद्यानुसार अशा अपयशाची कारणे सरकारला कळवावी लागतात. त्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये विशेष बैठक झाली. सरकारला पाठवलेला अहवाल तेव्हा जनतेसमोर आला नाही. इंधनामुळे किती महागाई झाली आणि मागणीमुळे किती, याचा समितीने केलेला हिशोब लोकांना वाचायला मिळायला हवा होता.

हा हिशोब का महत्त्वाचा, ते इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे पाहिले की कळते. तो स्वतः सूत विकत घेत नाही. व्यापाऱ्याचे सूत घ्यायचे, कापड विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. ही मजुरी ‘पीक’वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते, तीही पैशांत. भाव व्यापारी ठरवतो, त्यामुळे खर्च वाढला म्हणून मजुरी लगेच वाढत नाही. वीजबिल आणि कर्जाचा हप्ता हे दोन खर्च मात्र त्याच्या हाताबाहेरचे. ऑक्टोबर २०१९ पासून लहान उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी थेट रेपोशी, जोडलेली आहेत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. वीस लाखांचे कर्ज असले, तर अडीच टक्क्यांची वाढ म्हणजे वर्षाला पन्नास हजार रुपये जास्तीचे व्याज. इंधन महागले म्हणून विजेचा आकार वाढतो आणि इंधन महागले म्हणून महागाई वाढल्याने व्याजही वाढते. एकाच टंचाईची किंमत तो दोनदा मोजतो. त्यात वीज गेली, तर माग थांबतो, कामगाराची त्या दिवसाची कमाई बुडते आणि माग पुन्हा सुरू करताना कापडात दोष राहतो तो वेगळाच. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. या माणसाने मागणी कुठे जास्त केली होती?

तरीही दर वाढवूच नयेत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. रुपया घसरला की तेच तेल आणखी महाग पडते, हे १९९१ने दाखवले आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले, तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला आणि परदेशांतली अल्पमुदतीची कर्जे नव्याने मिळेनाशी झाली. परकीय चलनाचा साठा जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशी विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले. त्याच जुलैत दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. आयातीसाठीचे कर्ज रिझर्व्ह बँकेने इतके आवळले की कारखान्यांना सुटे भाग आणि कच्चा माल मिळेना. १९९१-९२ची आर्थिक वाढ दीड टक्क्याच्याही खाली गेली. त्या वर्षी माणसे, कारखाने आणि बाजार सगळे जागेवर होते. तेलासाठी लागणारे डॉलर तेवढे नव्हते आणि ते उसने द्यायला कुणी तयार नव्हते.

ऑगस्ट २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याहून नेमका मार्ग काढला. आदल्या वर्षी चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती आणि आता रुपया डॉलरमागे ६८च्या पुढे घसरला होता. तेव्हा तीन सरकारी तेल कंपन्यांना डॉलर देण्यासाठी बँकेने स्वतंत्र खिडकी उघडली. त्यांची रोजची खरेदी बाजारातून बाजूला झाली आणि रुपयावरचा दाब उतरला. अल्पमुदतीचे व्याज त्या वेळी चढवलेलेच होते. पण जिथे दुखत होते तिथे हात घातला गेला तो या खिडकीने. ऊर्जेच्या प्रश्नावर मध्यवर्ती बँकेकडे रेपोखेरीज दुसरे साधनच नाही, असे त्यानंतर म्हणता येत नाही.

सरसकट व्याज वाढवण्याचा परिणाम किती दूरवर जातो, ते अमेरिकेने दाखवले. १९७९च्या तेलधक्क्यानंतर तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले. महागाई मोडली, पण आधीच्या तेलाच्या पैशातून डॉलरची कर्जे घेऊन बसलेले देश कोसळले. स्वतः तेल विकणाऱ्या मेक्सिकोलासुद्धा ऑगस्ट १९८२ मध्ये हात वर करावे लागले.

कर्जाची बाजू भारतात अधिक गुंतागुंतीची आहे, कारण ऊर्जेची टंचाई झाकण्यासाठीच इथे पुष्कळ कर्ज काढले गेले. २००५ नंतरच्या काही वर्षांत इंधन स्वस्त ठेवून तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी सरकारी रोखे दिले गेले. २०१४ मध्ये अशा सुमारे १.३४ लाख कोटींच्या रोख्यांची परतफेड बाकी होती. जाळून संपलेल्या इंधनाची ही उधारी, आणि तिची मुदत थेट २०२६ पर्यंत. वीज वितरण कंपन्यांवर २०१५ मध्ये सुमारे ४.३ लाख कोटींचे कर्ज होते. ‘उदय’ योजनेखाली त्यातला मोठा भाग राज्यांनी आपल्या डोक्यावर घेतला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्राने एकट्या व्याजासाठी १२.७६ लाख कोटी रुपये धरले, म्हणजे महसुली उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३७. दर चढले की हा आकडा फुगतो आणि वीजवाहिन्या, रेल्वेमार्ग, साठवण यांवर खर्चायला तेवढे कमी उरते.

इंधनाच्या आणि डॉलरच्या भावावर उभे केलेले कर्ज कसे अंगावर येते, हे दाभोळचा प्रकल्प महाराष्ट्राला शिकवून गेला. १९९३च्या करारात एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीची देयके डॉलरशी बांधली होती. वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाने स्थिर आकार द्यायचा होता. त्यावर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. तेल चढले, रुपया उतरला, ती वीज मंडळाला परवडेना आणि २००१ मध्ये वीजकेंद्र बंद पडले. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांचा पैसा त्यात अडकला. हे केंद्र चालवण्यासाठी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली; नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला तसे ते पुन्हा थंडावले. ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास भारनियमन सोसत होता, तेव्हा गुहागर तालुक्यात प्रकल्प उभा होता, कर्ज उभे होते, वीज नव्हती.

पुढे हेच देशभर घडले. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा खाणपट्ट्यांची वाटपे रद्द केली. कुठे कोळसा नाही, कुठे वीज घेणारा करार नाही, कुठे वितरण कंपनी पैसे देत नाही, अशा अवस्थेत ३४ औष्णिक प्रकल्प अडकल्याची नोंद संसदेच्या स्थायी समितीने २०१८ मध्ये केली. क्षमता सुमारे ४० हजार मेगावॉट, कर्ज १.७४ लाख कोटी. फेब्रुवारी २०१८च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एका दिवसाची थकबाकीही गंभीर ठरवली. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. बँकांचे ताळेबंद साफ करण्याचा हेतू योग्य होता. पण कर्जदाराच्या दारात इंधन पोहोचले नाही, तर शिस्तीची कितीही परिपत्रके काढून वसुली होत नाही.

आता ऊर्जेचे स्वरूप बदलत आहे आणि व्याजदराचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. कोळशाच्या विजेत मोठा खर्च रोजच्या इंधनाचा असतो. सौर आणि पवनऊर्जेत इंधन फुकट. जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, उसन्या पैशाने. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प चार कोटींना उभा राहतो, त्यातले ७० टक्के कर्ज आणि वर्षाला १६ लाख युनिट वीज मिळते, असे धरू. कर्ज २.८ कोटींचे. व्याज एक टक्क्याने वाढले की पहिल्या वर्षी युनिटमागे साडेसतरा पैसे वाढतात. अडीच टक्क्यांची पूर्ण वाढ कर्जावर आली, तर सुमारे ४४ पैसे. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात जे सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प होत आहेत, त्यांची वीज तीन रुपयांच्या आसपास घेतली जाते. तिथे ४४ पैसे म्हणजे प्रकल्प होणे किंवा न होणे. इंधनटंचाईच्या महागाईवर सरसकट दरवाढ केली, तर टंचाईतून बाहेर पडण्याची वाटच महाग होते.

म्हणून समितीपुढे तीन गोष्टी ठेवल्या जात आहेत. पतधोरण अहवालात कच्चे तेल १० टक्क्यांनी चढल्यास महागाई आणि वाढ यांवर काय परिणाम होईल, याचा अंदाज दिला जातोच. त्याच्या जोडीला औष्णिक केंद्रांतला कोळसासाठा, कमाल मागणीच्या वेळची तूट आणि वितरण कंपन्यांची थकबाकी यांचा नियमित तपशील यावा. मे २०२४ मध्ये देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तेव्हा हे आकडे तेलाच्या भावाइतकेच निर्णायक झाले. दुसरे, प्रत्येक दरवाढीच्या ठरावात पुरवठ्यामुळे झालेली महागाई किती, हे आकड्यात सांगितले जावे. तिसरी गोष्ट बँकेच्या इतर विभागांशी मिळून करायची आहे. अक्षय ऊर्जा २०१५ पासून अग्रक्रम कर्जात आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये ८ हजार कोटींच्या हरित सरकारी रोख्यांचा पहिला लिलाव बँकेनेच केला. दर चढते असतानाही वीजनिर्मिती, वाहिन्या आणि साठवण यांना दीर्घ मुदतीचे, स्थिर व्याजाचे कर्ज मिळेल अशी खिडकी, २०१३ मध्ये तेल कंपन्यांसाठी उघडली तशी, आता उघडली जावी. तिचा आकार, मुदत आणि पात्रतेचे निकष ठरवण्यासाठी बँकेने एक टिपण काढून त्यावर जनतेच्या सूचना मागवाव्यात.