क्षमा केली, पण माघार घेतली नाही



दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. त्या दिवशीचं प्रवचन संपलं की बायकांच्यात एक प्रश्न हमखास निघतो. कुणी आपल्यावर अन्याय केला, आपण त्याला क्षमा केली, म्हणजे मग गप्प बसायचं का? ज्यांची मुलं-सुना परदेशात आहेत त्यांच्या तोंडून तर हल्ली जास्तच. तिकडे रस्त्यात कुणी 'तुमच्या देशात परत जा' म्हणून अंगावर आलं, की इकडून आपण फोनवर सांगतो, "जाऊ दे बाळा, क्षमा कर, वादात पडू नकोस."

मला हा सल्ला अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा गांधीजींकडून घ्यावा. (आपल्या हुमड समाजात घरटी एक गांधी सापडेल, हे पोरबंदरचे!)

१८९६ साली ते दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी इकडे आले होते. तिथे हिंदी माणसांना कसं वागवतात यावर त्यांनी राजकोटला हिरव्या मुखपृष्ठाची पुस्तिका छापली, पुण्यात टिळक, गोखले, भांडारकर यांना भेटले. रॉयटरने त्या पुस्तिकेचा जेमतेम तीन ओळींचा सारांश तारेने पाठवला, तोही भडक करून. मूळ पुस्तिका न वाचताच डर्बनचे गोरे खवळले. आजच्या फॉरवर्डचं काम तेव्हा तार करायची, एवढाच फरक. गांधीजी परत निघाले तेव्हा मुंबईत प्लेग होता. त्याचं निमित्त करून त्यांची बोट डर्बनच्या बंदराबाहेर तेवीस दिवस अडकवून ठेवली. बोटीवर कस्तुरबा होत्या, दोन लहान मुलगे होते, भाचा होता.

१३ जानेवारी १८९७. कस्तुरबा आणि मुलं गाडीतून पुढे पारशी रुस्तमजींच्या घरी गेली. गांधीजी मागून पायी निघाले आणि जमावाने त्यांना ओळखलं. दगड, विटा, सडकी अंडी. कुणी पगडी उडवली, कुणी लाथा घातल्या. घेरी येऊन ते एका घराचं कुंपण धरून उभे राहिले. तेवढ्यात तिथल्या पोलीस सुपरिंटेंडंटची बायको, मिसेस अलेक्झांडर, त्या वाटेने आली. ऊन नव्हतं, तरी तिने छत्री उघडली आणि जमावाच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. गोऱ्या बाईवर हात टाकायची कुणाची हिंमत झाली नाही. एका उघड्या छत्रीने माणूस वाचला. मला या सगळ्या हकिकतीत ही बाई सगळ्यात मोठी वाटते.

पुढे लंडनहून मंत्री चेंबरलेन यांची तार आली, हल्लेखोरांवर खटले भरा म्हणून. गांधीजींनी नकार दिला, तोही लेखी. श्रीमद राजचंद्रांना १८९४ साली धर्मावर सत्तावीस प्रश्न लिहून पाठवणारा हा माणूस. पण गोष्ट इथेच थांबवली तर आपण तिचा सोयीचा भाग तेवढा घेतला असं होईल. त्यांनी माणसांवरची फिर्याद सोडली, कायद्यांविरुद्धची सोडली नाही. सतरा वर्षं सोडली नाही. १९१३ साली तिथल्या कोर्टाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायदेशीर मानायला नकार दिला, म्हणजे आपल्यासारख्या बायका बायकाच उरल्या नाहीत. तेव्हा कस्तुरबाही सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने तुरुंगात गेल्या. १९१४ साली ती लग्नं मान्य झाली.

म्हणून फोनवर मी सांगेन ते असं : मनात वैर ठेवू नकोस, पण तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेव, पाहणाऱ्याचा नंबर घे, तक्रार नोंदव.

आता अवघड भाग. याच गांधीजींच्या सुरुवातीच्या लिखाणात तिथल्या मूळच्या काळ्या माणसांबद्दल तुच्छतेचे शब्द आहेत. त्यामुळेच २०१८ साली घाना विद्यापीठाच्या आवारातून त्यांचा पुतळा हलवला गेला. पुढे ते बदलले, पण ते शब्द लिहिले होते हे खरं. स्वतः मार खाल्लेला माणूसही दुसऱ्याला खालचा समजू शकतो. आपल्याकडे २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एक मुलगा दगावला, अफवा उठली, आणि जमावाने मॉलमध्ये शिरून नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. तिथे छत्री उघडायला कोण होतं?

आणि आपल्या घरात काय चालतं? ईशान्येकडून पार्लरमध्ये कामाला आलेल्या मुलीला नावाने हाक किती जणी मारतात? मुनिसुव्रतनाथ श्यामवर्णी, नेमिनाथ श्यामवर्णी. त्यांच्यापुढे आपण रोज अर्घ्य चढवतो. त्या नेमिकुमारांच्या मागे राजुलमती गिरनार चढून गेली, हे मुलींना कौतुकाने सांगतो. आणि मुलाचं लग्न ठरवताना म्हणतो, 'बाकी सगळं छान आहे हो, पण रंगाने जरा...' शरीराचा रंग ही द्रव्यलेश्या, तो नामकर्माने मिळतो. तपासायची ती भावलेश्या, आणि ती फोटोत दिसत नाही.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये उंचीच्या खाली 'वर्ण' असा रकाना आहे. तो काढावा असा अर्ज मी मंडळाला देणार आहे. मजकूर तयार आहे, चारच ओळींचा. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी पूजेनंतर मंदिरात भेटा.