विश्लेषण : टाऊन हॉल पायऱ्यांमुळे ओळखावा की पुस्तकांमुळे?

मुंबईच्या फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलसमोर उभी असलेली टाऊन हॉलची पांढरी इमारत अनेकांना ठाऊक आहे ती तिच्या 30 पायऱ्यांमुळे. चित्रीकरण, लग्नाआधीची छायाचित्रे, सेल्फी यांसाठी तिथे कायम वर्दळ असते. मात्र पायऱ्या चढून आत जाणारे कमीच. या वास्तूचे महत्त्व नेमके कशात आहे?

इमारत कशी उभी राहिली?

सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने 1804 मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली. तिच्या ग्रंथसंग्रहाला आणि शहराच्या सभा-समारंभांना जागा हवी होती. त्यासाठी चक्क लॉटरी काढण्यात आली. ते पैसे पुरले नाहीत, पुन्हा लॉटरी काढली, तरीही काम अडले. अखेर कार्यालयांसाठी जागा मिळण्याच्या अटीवर सरकारने उरलेला खर्च उचलला. कर्नल थॉमस काउपर यांनी ग्रीक धाटणीच्या डोरिक खांबांचा आराखडा केला आणि 1833 मध्ये इमारत पूर्ण झाली. म्हणजे सरकारी तिजोरीबरोबरच नागरिकांच्या खिशातला पैसाही तिच्या पायात आहे.

इथे काय काय घडले?

कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवर वाचण्यात आला. आत एल्फिन्स्टन, माल्कम अशा गव्हर्नरांचे पुतळे आहेत, पण त्यांच्याच पंक्तीत जगन्नाथ शंकरशेठ यांचाही पुतळा आहे. एतद्देशीयांनी या शहरात मिळवलेल्या स्थानाची ती खूण आहे. भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये सोपारा येथील स्तूपात सापडलेले अवशेष इथेच आले. भारतरत्न पां. वा. काणे यांच्यासारखे विद्वान या संस्थेशी निगडित होते.

आज प्रश्न कोणता?

आज इथे एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचा एक लाखाहून अधिक ग्रंथांचा संग्रह आहे. त्यात दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे हस्तलिखितही आहे. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही याच वास्तूतले. दगडी खांब दोन शतके टिकतात, कागदाचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातील आम्लामुळे पाने पिवळी पडतात आणि घडी घालताच तुटतात. त्यात समुद्राकाठची दमट हवा. सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर जुनी पुस्तके, नियतकालिके आणली, हे पाऊल योग्यच. पण स्कॅन केले म्हणजे मूळ प्रत वाचली असे नव्हे. आर्द्रतेचे नियंत्रण, आम्ल काढण्याची प्रक्रिया, प्रशिक्षित जतनतज्ज्ञ यांचा खर्च दरवर्षी करावा लागतो. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे उद्घाटनही होत नाही.

मग करायचे काय?

पहिल्या श्रेणीच्या वारसा इमारतीची रंगरंगोटी व्हायलाच हवी. मात्र निधीचा पहिला हक्क आतल्या कपाटांचा असावा आणि तो नियमित असावा. दुसरी जबाबदारी मुंबईकरांची. ज्या वाचनालयात वाचकच फिरकत नाहीत, त्यासाठी निधी मागायचा कोणाच्या नावाने? पायऱ्यांवर फोटो जरूर काढावा. त्यानंतर दाराच्या आतही एकदा जावे.