जागा पाहण्याआधी आळी पाहा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याच्यावर परगावी बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला नसावा. एरवी ‘जागा पाहावी हिंडून’ हे तिसरे कलम जोडल्याशिवाय त्याने म्हण पुरी केली नसती. घर बांधणारा निदान स्वतःच्या जमिनीवर उभा असतो. लग्न करणाऱ्याच्या पाठीशी वऱ्हाड असते. परगावी जागा शोधणाऱ्याजवळ मात्र हातात पत्त्याचा चिठोरा आणि पायात चप्पल, एवढेच भांडवल. आता चिठोऱ्याची जागा मोबाईलने घेतली आहे. झिजायची ती चप्पल मात्र झिजतेच.

दिवाळीची सुट्टी संपत आली की पुष्कळ घरांत हा विषय निघतो. थोरल्याला पुण्यात नोकरी लागलेली असते, धाकटीला कॉलेजात घालायचे असते, आणि एक दिवस वडील चष्मा पुसत म्हणतात, “तिकडेच एखादी बरी जागा बघावी म्हणतो.” ही ‘बरी जागा’ म्हणजे काय, याचा विचार यंदा करू. भाडे खिशाला झेपावे, आणि वस्ती अशी असावी की संध्याकाळी दार उघडून बसावेसे वाटावे, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. त्या एकत्र जुळणे कठीण, पण अशक्य नव्हे.

उदाहरणाला गाव घेऊ आष्टी. हे नाव सांगितले की पुण्यात पहिला प्रश्न येतो, “कुठली आष्टी?” आणि तो चुकीचाही नाही. बेचाळीसच्या लढ्यातली शहीद आष्टी वर्धा जिल्ह्यात. १८१८ ची लढाई झाली ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात. आपली आष्टी बीड जिल्ह्यातली, अगदी पश्चिमेच्या टोकाची. जिल्ह्याचे ठिकाण बीड, पण बाजारहाट, दवाखाना, कॉलेज यांसाठी पावले वळतात नगरकडे. हा ओढा जुना. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरपर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात आणि नगर मुंबई इलाख्यात होते. मध्ये करोडगिरीचे नाके होते, तरी माणसे जातच होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि आष्टी, नगर, पुणे एका राज्यात आली. १९७२ च्या दुष्काळात या भागातून कितीतरी कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली, आणि त्यांतली बरीच तिकडचीच झाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी पुढे बीडपर्यंत पोहोचली. मधल्या काळात, २०२४ साली, नगरचे नाव अहिल्यानगर झाले. लोकांच्या तोंडी अजून नगर आहेच.

म्हणून आमची पहिली सूचना अशी : नोकरीचे बंधन नसेल तर पुण्याआधी नगर पाहा. मोठ्या शहराच्या नावाची भुरळ पडून आपण मधले शहर ओलांडून जातो. माळीवाडा आणि कापड बाजाराचा जुना भाग, सावेडीच्या नव्या वसाहती, पुण्याच्या वाटेवरचे केडगाव, छावणीच्या अंगाचे भिंगार, प्रत्येकाची चाल वेगळी आहे. शिवाय शनिवारी दुपारी निघून अंधार पडायच्या आत आष्टीत पोहोचता येते. गावाकडे शेत आणि म्हातारी आई असलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

पण समजा, पुणेच नशिबी आहे. आष्टीचा माणूस नगर रस्त्याने येतो. वाघोली, खराडी ही नावे त्याला आधी भेटतात, आणि पुष्कळदा तो तिथेच थांबतो. कारण ‘आत पेठांत आपल्याला कोण विचारतो!’ अशी त्याची समजूत असते. या समजुतीवर थोडे बोलले पाहिजे.

पुण्याच्या पेठा आज आपल्याला मातब्बरांच्या वाटतात. पण त्या वसल्या कशा? पेठ बसवायची म्हणजे शेटे-महाजन नेमायचे, परगावच्या वाण्या-उदम्यांना आणि कारागिरांना बोलवायचे, आणि काही वर्षे करांत सूट द्यायची. म्हणजे ज्या पेठेत शिरताना आपण आज बिचकतो, ती मुळात बाहेरून येणाऱ्यांसाठीच मांडलेली होती. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, बोहरी आळी, ही नावे कुणी शोभेसाठी ठेवली नाहीत. पोटासाठी आलेली माणसे एका रांगेत बसली आणि तिथे जो आवाज, जो वास, जो बोलण्याचा ढंग तयार झाला, त्याचेच नाव आळीला पडले. वस्तीला रंग येतो तो असा. नव्या माणसाला जिथे परवडते आणि आलेला जिथे टिकतो, तिथे तो चढतो.

टिकण्याचीही एक गोष्ट आहे. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्यामुळे वाड्यांतले भाडेकरू पिढ्यान् पिढ्या हलले नाहीत. एका चौकात आठ-दहा बिऱ्हाडे, एकाच नळावर भांडणे आणि एकाच अंगणात मुंजी. याची दुसरी बाजूही खरी : त्या भाड्यात मालकाला कौले शाकारणे परवडेना, आणि भाडेकरू म्हणे, घर मालकाचे, खर्च मी का करू? वाडे डोळ्यांदेखत खचत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले किती तरी वाडे एका दिवसात गेले, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्याही आता जुन्या झाल्या, झाडांनी भरल्या, त्यांनाही आपला रंग आला. तेव्हा वस्ती जुनी असलीच पाहिजे असे नाही. माणसे मात्र मुरलेली हवीत.

पेठांत आज वाड्यांच्या जागी इमारती उठल्या आहेत. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रो कसबा पेठेखालून, मंडईखालून स्वारगेटपर्यंत गेली, आणि दलालांच्या जाहिरातींत ‘जुन्या पुण्याचा बाज’ ही एक सोयच होऊन बसली. सोय म्हटली की तिचे दाम आले. आमचा सल्ला असा की हा बाज जाहिरातीत शोधू नये. मोठ्या रस्त्यावरची नवी इमारत सोडून मागच्या गल्लीतली, उद्वाहक नसलेली, तिसऱ्या मजल्यावरची जागा विचारावी. गुडघे धड असतील तर तीच परवडते.

आता परवडण्याचा हिशेब. आपण फक्त भाडे पाहतो, ही चूक घरोघर होते. समजा, शहराच्या कडेला दोन खोल्यांचे भाडे ९,००० रुपये आणि आत तेवढ्याच जागेचे १४,००० रुपये. हे आकडे केवळ हिशेबापुरते मानलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला. वरवर पाहता कडेला ५,००० वाचले. आता नवरा-बायको दोघांच्या जाण्यायेण्याचे २,५०० धरा, मुलाच्या शाळेच्या गाडीचे १,५०० धरा, टँकरच्या पाण्याचा आपला वाटा ८०० धरा. झाले ४,८००. हाती उरले २०० रुपये, आणि रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर गेले ते वेगळेच. ज्या घरी माणसे फक्त झोपायला येतात, त्या घराच्या शेजाराला रंग येणार कुठून?

या टँकरवरून एक गोष्ट आठवली. जागा पाहताना शहरी माणूस आधी फरशी पाहतो, मग स्वयंपाकघरातला ओटा. आष्टीकडचा माणूस आधी विचारतो, “पाणी किती वाजता येतं? उन्हाळ्यात किती दिवसांआड?” दुष्काळी मुलखात वाढलेल्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. तो खरा शहाणा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरातल्या हौदांत आणले, म्हणून पेठा नांदल्या. तेव्हा पाण्याचा प्रश्न विचारायला संकोचू नका, आणि तो मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. मालकाचे पाणी चोवीस तास असते. बाईंचे खरे असते.

मालकाचेही काही प्रश्न असतात. पहिला गावाचा, दुसरा नोकरीचा. तिसरा हळूच येतो : “पूर्ण नाव काय म्हणालात?” पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे काय ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. जात उघड विचारायची लाज वाटते, एवढीच काय ती प्रगती. कितीतरी दलित आणि मुसलमान कुटुंबांना नाव सांगताक्षणी फोनवरच कळते की ‘जागा कालच गेली’. ती जागा महिनाभर जातच असते. याच पुण्यातल्या गंज पेठेत जोतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या पेठेला आज महात्मा फुल्यांचे नाव आहे. जी आळी कितीही देखणी, कितीही जुनी असली तरी नाव ऐकून दार लावते, तिची आम्ही या पानावर शिफारस करणार नाही. आणि वाचकांपैकी जे घरमालक असतील त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

जागा ठरली की कागद करा. तोंडी शब्द गोड असतो, पण अकराव्या महिन्यात तो कडू होतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तशी नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाड्याची पावती मागणे हा उद्धटपणा नाही, हक्क आहे. अनामत किती, ती केव्हा परत, रंगाचा खर्च कुणाचा, हे सारे शाईत यावे. व्यवहार चोख असला की शेजार गोड राहतो.

हे सगळे पांढरपेशांचे झाले. पण आष्टीचे नाव घेऊन बिऱ्हाडाची गोष्ट करायची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांना वगळायचे, हे बरे दिसणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास, आपल्या घरी चकलीचा सोऱ्या निघतो तेव्हा, या तालुक्यातून माणसे बिऱ्हाड भरून निघालेली असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर पोहोचायचे, उघड्या रानात कोपी घालायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तिच्यात राहायचे. हौसेने कुणी जात नाही. मुलांची शाळा तुटते, पाणी लांबून आणावे लागते, बाईचे हाल तर विचारू नयेत. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांची टोळी गावातल्या, भावकीतल्या, ओळखीच्या माणसांची असते. त्यांचा शेजारी आधी ठरतो. कोपीची जागा मग. आपण नेमके उलटे करतो. भिंती पसंत करतो, अनामत भरतो, आणि शेजारी कोण हे महिन्याने जिन्यात कळते.

म्हणून शेवटची युक्ती. जागा पसंत करण्याआधी त्या आळीत तीनदा जा : सकाळी नळाच्या वेळी, दुपारी सामसुमीत आणि संध्याकाळी दिवेलागणीला. सकाळी पाणी कळते, दुपारी गोंगाट कळतो, संध्याकाळी माणसे कळतात. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पावशेर साखर घ्या आणि उगाच दोन मिनिटे रेंगाळा. त्याने “नवीन का आपण? कुठून आलात?” असे विचारले तर ती चौकशी शुभ समजा. कुणीच काही विचारले नाही तर जागा कितीही हवेशीर असो, घरी राहणाऱ्या आईचा विचार करा. आष्टीत तिला ओट्यावर बसले की चार जणी भेटतात. तिला शहरात चौथी भिंत नको आहे, चौथी बाई हवी आहे.

आणि ज्यांच्या इमारतीत या दिवाळीला एखादे नवे बिऱ्हाड आले असेल, त्यांनी आमची वाट पाहू नये. ताटात दोन करंज्या, चार चकल्या ठेवाव्या, वर रुमाल झाकावा आणि त्या दाराची कडी वाजवावी. नाव विचारायचे ते ताट रिकामे करून घेताना विचारावे.