रिकाम्या जागेचा जाब

अणदूर, नळदुर्ग व पंचक्रोशीतील समस्त मतदार बंधुभगिनींस सविनय निवेदन.

येत्या 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होईल, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल आणि पुढाऱ्यांची भाषणे होतील. त्या भाषणांत जो विषय बहुधा निघणार नाही, तो आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्रक काढले आहे. विधिमंडळातील, संसदेतील अथवा जिल्हा परिषदेतील प्रतिनिधीची जागा रिकामी झाली असता ती ठरल्या मुदतीत भरली गेलीच पाहिजे. आणि ती भरण्यात टाळाटाळ करणारी सत्ता, मग ती इंग्रजांची असो, निजामाची असो वा आपणच निवडून दिलेली असो, रयतेच्या हक्काची अफरातफर करीत असते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

इंग्रजांचा अंमल संपण्यास जेमतेम महिना उरला असताना मुंबई इलाख्यात एक पोटनिवडणूक झाली, तिची हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1946 साली संविधान सभेवर गेले ते बंगालच्या विधानसभेतून. मुंबईच्या विधानसभेत काँग्रेसचे बहुमत असल्याने तिकडून त्यांना वाट नव्हती. पुढे 3 जून 1947 च्या योजनेने बंगालची फाळणी ठरली आणि बाबासाहेबांचे सभासदत्वच संपुष्टात आले. इकडे बॅ. मुकुंदराव जयकरांनी राजीनामा दिल्यामुळे मुंबईच्या वाट्याची एक जागा रिकामी होती. संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 30 जून रोजी मुंबईचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर यांस पत्र लिहून आंबेडकरांना तातडीने निवडून पाठवावे असे कळविले. जुलैमध्ये निवडणूक उरकली, आणि 29 ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीच्या अध्यक्षपदी तेच आंबेडकर बसले. या निवडणुकीत सामान्य माणसाला मत नव्हते. मतदार होते ते विधानसभेचे सभासद, आणि ते सभासदही शिक्षण, सारा व मालमत्ता यांच्या चाळणीतून उरलेल्या थोड्या लोकांनी निवडलेले. ती लोकशाही तोकडी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रिकाम्या जागेला किंमत आहे, ती आठवडे-महिने उघडी ठेवता येत नाही, एवढी जाणीव त्या तोकड्या लोकशाहीलाही होती, आणि त्या जाणिवेचे फळ आज आपण सर्व भोगीत आहोत.

आता आपल्या मुलखाकडे वळू. दर दहा लक्ष वस्तीमागे एक सभासद, या हिशेबाने हैदराबाद संस्थानच्या वाट्याला संविधान सभेत 16 जागा आल्या होत्या. निजामाने संविधान सभेकडे पाठ फिरविली आणि त्या सोळाही जागा रिकाम्या राहिल्या. त्याच्या स्वतःच्या दरबारी विधिमंडळासाठी निवडणुकीचे सोंग 1946 च्या सुमारास उभे करण्यात आले, पण धंदे व हितसंबंध यांच्या गटवारीवर बेतलेल्या त्या निवडणुकीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला, तो योग्यच होता. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ज्यांनी शिकविले ते स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसच्या निजामविरोधी लढ्याचे नेते होते. प्रश्न जबाबदार राज्यपद्धतीचा होता, दरबारातल्या शोभेच्या खुर्च्यांचा नव्हे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज सोलापूरच्या सडकेने नळदुर्गात शिरली. तीच सडक आपल्या अणदूरवरून पुढे जाते. चार दिवसांत निजामाने शरणागती पत्करली, तरी सोळा जागा रिकाम्याच राहिल्या. संविधान पुरे होत आले तेव्हा नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाचे फर्मान निघाले आणि त्या फर्मानाने ते आपल्याला लागू झाले. ज्या ग्रंथाची आज आपण शपथ घेतो, त्याच्या चर्चेत मराठवाड्याचा निवडलेला एकही प्रतिनिधी तोंड उघडू शकला नाही. त्या सोळांत अणदूरचा कोणी असताच असे नाही. पण कुळांच्या, वतनांच्या, भाषेच्या प्रश्नांवर आपल्या बाजूने दोन शब्द बोलणारा कोणी असता तर ते शब्द दफ्तरात उरले असते, आणि आज आपल्या पोरांना वाचता आले असते.

रिकाम्या जागेचा धर्म अणदूरकरांना कोणी शिकविण्याची गरज नाही. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. देव हलविताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात आणि देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा हे कागदावर येते. देवाच्या बाबतीतही आपण नुसत्या भरवशावर राहत नाही, मग माणसांच्या बाबतीत का राहावे?

करार येथेही आहे, तो मोडला जातो एवढेच. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली घातलेल्या 151-अ या कलमाने रिकामी जागा सहा महिन्यांत भरण्याचे बंधन घातले. त्याला पळवाटा दोन: उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असली तर, किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोगाने अडचण असल्याचे प्रमाणित केले तर. पुण्याचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 रोजी निवर्तले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून अधिक शिल्लक होती. तरी पुण्याची जागा भरली गेली नाही. आयोगाने येत्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीची सबब पुढे केली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती सबब नामंजूर करून निवडणूक घेण्याचा हुकूम दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली, आणि पुणेकर 2024 च्या निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. त्याच शहरात कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक 22 डिसेंबर 2022 रोजी गेल्या आणि 26 फेब्रुवारीला तेथे मतदान झालेही! जेथे मनात आले तेथे दोन महिन्यांत मतपेटी येते, जेथे नाही तेथे वर्ष उलटते; याला कायद्याचे राज्य म्हणावे की मर्जीचे?

पुणे दूर आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. धाराशिवही त्याला अपवाद नव्हता. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी करण्यास संविधानाने सांगितले असता, आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांच्या आडून एवढा काळ लोटला. अणदूरच्या शेतकऱ्याला पाणंद रस्त्याची किंवा शाळेच्या गळक्या वर्गाची तक्रार करायची झाली, तर दार ठोठवायला गटाचा सदस्य नव्हता. होता तो साहेबांचा शिपाई, आणि त्याचे ठरलेले उत्तर : साहेब मीटिंगला गेलेत.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांना आमचे एकच उत्तर आहे. थोड्या महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला, हा विचार 1947 च्या जुलैत मुंबईत कोणी केला असता, तर जयकरांची जागा रिकामी राहिली असती आणि मसुदा समितीला अध्यक्ष दुसरा शोधावा लागला असता.

तेव्हा अणदूरकर हो, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरात बसू नका. अडचणीच्या प्रमाणपत्राची कारणे आयोगाने लोकांपुढे छापून जाहीर करावीत, आणि जिल्हा परिषद वा पंचायत समितीवर प्रशासक नेमण्याची वेळ आलीच तर सहा महिन्यांवर एक दिवसही त्यास मुदतवाढ मिळू नये, असे दोन ठराव मांडा, मंजूर करून घ्या, ग्रामपंचायतीकडून त्यांची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि ती आपल्या आमदार-खासदारांच्या हाती देऊन पोच मागा.

आपला,
अणदूर येथील एक मतदार