पाकीट विक्रेत्याचे, नशीब गिऱ्हाइकाचे

खेळाडूंची आणि पोकेमॉनची कार्डे जमवण्याच्या छंदातला बराच व्यवहार अमेरिकेत आता मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणातून होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉटनॉट’ या अ‍ॅपने हा प्रकार रुळवला. मागोमाग २०२२ मध्ये ‘ईबे’ आणि २०२३ मध्ये ‘फॅनॅटिक्स’ या कंपन्याही त्यात उतरल्या. ‘टॉप्स’चा जुना कार्ड-व्यवसाय फॅनॅटिक्सने २०२२ मध्येच विकत घेतला होता. म्हणजे कार्डे छापणारा आणि ती उघडण्याचा खेळ मांडणारा एकच.

या विक्रीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. पहिल्या प्रकारात एकेका कार्डाचा लिलाव होतो. विक्रेता कार्ड कॅमेऱ्यासमोर धरतो आणि कोणी चॅटमध्ये विचारले की कोपरे, कडा, मागची बाजूही दाखवतो. स्थिर छायाचित्रापेक्षा हे केव्हाही बरे. धोका आहे तो वेळेचा. बोली काही सेकंदांत संपते. काही लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली तरी मुदत वाढत नाही, त्यामुळे त्याच कार्डाला आधी काय भाव मिळाला हे पाहायला सवड उरत नाही.

दुसरा प्रकार ‘ब्रेक’चा, आणि खरा आक्षेप त्यालाच आहे. महागडा सीलबंद बॉक्स कॅमेऱ्यासमोर फोडायचा आणि त्यातली कार्डे संघांप्रमाणे वाटायची. बेसबॉलचे ३० संघ, म्हणून ३० जागा. एकट्याला न परवडणाऱ्या बॉक्समध्ये वाटा मिळतो, शिवाय सोबत आरडाओरडा करणारी मंडळी असतात. ओढ समजण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसमधल्या ११ वर्षांच्या मुलाला सापडलेले बेसबॉलपटू पॉल स्कीन्सचे एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेले. ते कुठल्या ब्रेकमध्ये नव्हे, घरी उघडलेल्या पाकिटात निघाले होते. पण अशा बातमीने ब्रेकचाच बाजार तापतो.

आता हिशेब. समजा, बॉक्स ६०० डॉलरचा आहे आणि जागा सरासरी ३० डॉलरला गेल्या. जमले ९०० डॉलर. वरच्या ३०० डॉलरमधून विक्रेत्याने खर्च काढावा, नफाही घ्यावा; पण हा आकडा गिऱ्हाइकाला दिसत नाही. संघ निवडता येत असेल तर डॉजर्ससारख्या बलाढ्य संघाची जागा महाग आणि पडेल संघाची स्वस्त, एवढे तरी कळते. संघ चिठ्ठीने ठरत असेल तर तेही नाही. संघाचे एकही कार्ड न निघाल्यास अनेक ब्रेकमध्ये हाती काहीच येत नाही. पैसे, नशीब आणि बक्षीस ही अमेरिकी कायद्यातली सोडतीची तीन अंगे. तिन्ही इथे हजर आहेत.

पाकीट विकत घेणे हाही नशिबाचाच खेळ, असे समर्थक म्हणतात. पण टॉप्ससारख्या कंपनीच्या पाकिटांतल्या दुर्मीळ कार्डांची शक्यता जाहीर केलेली असते आणि निघेल ते सगळे घेणाऱ्याचे होते. विक्रेते स्वतः भरून विकतात त्या ‘रिपॅक’बाबत अनेकदा अशी माहिती नसते.

सगळे डोळ्यांसमोर घडते, हा दिलासाही अर्धाच. बॉक्स उघडताना दिसतो, त्याआधी त्याचे काय झाले ते दिसत नाही. यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलरना घेतलेल्या, तज्ज्ञांनी अस्सल ठरवलेल्या पोकेमॉनच्या पेटीतून जानेवारी २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोरच ‘जी. आय. जो’ या खेळण्यांच्या मालिकेची कार्डे निघाली.

ही विक्री बंद करण्याची गरज नाही. बॉक्सचा चालू भाव आणि जागांची एकूण रक्कम पडद्यावर शेजारी-शेजारी दिसावी. चिठ्ठीने संघ वाटणारे ब्रेक १८ वर्षांखालच्यांना बंद असावेत. रिपॅक विकणाऱ्याने एकूण पाकिटे किती, त्यांत कोणती मोठी कार्डे आहेत आणि त्यांपैकी कोणती आधीच निघून गेली, याची यादी प्रक्षेपण चालू असेपर्यंत समोर ठेवावी.