दोन संघ आणि त्यांचे आंकडे

फुटबॉलचा हंगाम आला कीं विद्यार्थिवर्गांत एक वाद हटकून उपस्थित होतो : अमुक संघ श्रेष्ठ कीं तमुक? वादांत उत्साह असतो, व उत्साहाचें आम्हांस वावडें नाहीं. परंतु घटकाभरानें कोणी तरी एक आंकडा पुढें करितो, "आमच्या संघानें तुमच्या संघास इतक्या वेळां हरविलें आहे," आणि न्यायाधीशानें निकाल द्यावा तसा वाद तेथेंच मिटतो. हा आंकडा खरोखर न्यायाधीश आहे काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्या देशांतील सर्वांत प्रसिद्ध जोडीच घेऊं. कलकत्त्याचा मोहन बागान संघ १८८९ सालीं स्थापन झाला. १९११ सालीं त्यानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. ईस्ट बंगालचा जन्म १९२० चा. त्या वर्षीं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यांतून जोडाबागान संघानें शैलेश बोस या खेळाडूस वगळलें. तें न रुचून सुरेशचंद्र चौधरी जोडाबागान सोडून बाहेर पडले व नवा संघ उभा राहिला. मुंबईकरांसहि ही जोडी परकी नाहीं. रोव्हर्स चषकासाठीं कूपरेज मैदानावर दोन्ही संघ येत असत, व दोघांनींहि तो चषक जिंकलेला आहे.

आतां हिशेब मांडूं लागलें कीं पहिलीच अडचण येते : आरंभ कोठून करावा? कलकत्ता लीगमधील पहिली गांठ २८ मे १९२५ रोजीं पडली व ईस्ट बंगालनें ती १-० अशी जिंकली. पण त्यापूर्वीं, १९२१ सालीं, कूचबिहार चषकांत दोघे समोरासमोर आलेच होते. तो सामना धरावा कीं सोडावा? दुसरी अडचण याहून बिकट. ९ डिसेंबर २०१२ रोजीं ईस्ट बंगाल १-० असा पुढें असतां मध्यंतरानंतर मोहन बागानचा संघ मैदानांत उतरलाच नाहीं. पुढें निकाल ३-० असा ठरविण्यांत आला. मैदानावर झालेला गोल एक, आणि कागदावरचे तीन! दोन प्रामाणिक माणसांच्या कोष्टकांत दोन निरनिराळे आंकडे आले, तर त्यांत नवल तें काय?

तिसरी गोष्ट कालखंडाची. १९७० ते १९७५ हीं सहा वर्षें पाहिलीं तर कलकत्ता लीग सतत ईस्ट बंगालकडे, आणि ३० सप्टेंबर १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यांत मोहन बागानवर ५-० असा विजय. उलट जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२३ पाहिलें तर मोहन बागाननें लागोपाठ आठ सामने जिंकलेले. ज्याच्या हातीं कालखंड निवडणें असेल, त्याच्या हातीं निकालहि आलाच. आणि त्या आठ विजयांनंतरचा नववा सामना, १२ ऑगस्ट २०२३ चा, ईस्ट बंगालनें १-० असा जिंकला. मागील आंकडा पुढील सामना खेळत नाहीं, हें त्या दिवशीं दिसून आलें.

तोच २०२३-२४ चा हंगाम आमच्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. डुरँड चषक, सुपर कप व इंडियन सुपर लीग या तीन स्पर्धांत दोघे पांच वेळां भिडले. निकाल असे : ईस्ट बंगाल १-०, मोहन बागान १-०, ईस्ट बंगाल ३-१, बरोबरी २-२, मोहन बागान ३-१. बेरीज करून पहा. दोघांचे विजय दोन-दोन, बरोबरी एक, गोल सात-सात. तागडी अगदीं समतोल! तरीहि मोहन बागानचा तो १-० चा विजय डुरँड चषकाच्या अंतिम सामन्यांतील होता, म्हणून चषक त्यांच्या घरीं गेला. लीगमधील अग्रस्थानाची शील्डहि त्यांनाच मिळाली. ईस्ट बंगालच्या वाट्यास सुपर कप आला. समान बेरजेच्या पोटांत असें असमान फळ असूं शकतें.

मग आंकडे टाकूनच द्यावे काय? मुळींच नाहीं. आंकडा नसेल तर प्रत्येकाची स्मृति स्वतःच्या संघाचेंच गुणगान गाईल. १९९७ सालीं फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्यापूर्वीं मोहन बागानचे शिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' रचनेचा मोठा बोलबाला होता. १३ जुलै रोजीं सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालनें ४-१ असा विजय मिळविला. भाईचुंग भुतियानें एकट्यानें तीन गोल केले. त्या ४-१ पुढें कोणाची बढाई चालणार? आंकडा बढाईस लगाम घालतो, हें त्याचें खरें काम. त्यासच बढाईचें वाहन करणें हा त्याचा दुरुपयोग होय. म्हणून आंकडा सांगणाऱ्यानें कोणती स्पर्धा, कोणता काळ, व काय धरलें, काय सोडलें, हें सोबत सांगावें. पालकांसहि आमची हीच विनंती आहे. दोन मुलांच्या गुणांची बेरीज शेजारीं-शेजारीं मांडून निकाल देण्यापूर्वीं, तीं बेरीज कशाची आहे, हें पहावें.

शेवटीं, कोष्टकांत न मावणाऱ्या दोन तारखा. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यांत प्रेक्षकांत दंगल होऊन सोळा जण मृत्यु पावले. कोष्टकांत तो सामना इतरांसारखीच एक ओळ आहे. आणि १८ ऑगस्ट २०२४ रोजीं व्हावयाचा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाला, म्हणून त्यास ओळच नाहीं. परंतु त्या दिवशीं दोन्ही संघांचे अनुयायी मैदानाबाहेर एकत्र जमले, आणि शहरांतील एका तरुण डॉक्टर भगिनीच्या हत्येबद्दल त्यांनीं एकमुखानें न्याय मागितला. जे नव्वद मिनिटें एकमेकांस हिणवितात, ते त्या दिवशीं खांद्यास खांदा लावून उभे राहिले.

विद्यार्थ्यांनो, आपल्या संघाचा अभिमान अवश्य बाळगा, हिशेबहि चोख ठेवा. मात्र समोरचा संघ नसता तर तुमच्या विजयांचा रकाना कोराच राहिला असता, याचा विसर पडूं देऊं नका.